जोडीचा प्रवास, दोघांची तयारी

संसाराची तीस-चाळीस वर्षे नोकरी, शेती आणि मुलांची शिक्षणे यांत निघून जातात. दोघांनीच निवांतपणे करावयाचा प्रवास मात्र राहून जातो. निवृत्तीनंतर ही राहिलेली हौस पुरी करण्यासाठी आपल्या वर्धा जिल्ह्यातूनही दांपत्ये युरोपला जाऊ लागली आहेत. पॅरिस, झुरिख, मिलान अशी शहरे रेल्वेने पाहण्याचा बेत ज्येष्ठांना मानवणारा आहे. रेल्वेत उठता येते, चालता येते, लांब पल्ल्याच्या गाडीत स्वच्छतागृहही असते. पॅरिसहून झुरिखला सुमारे चार तास लागतात. त्यात दर तासाला डब्यात एक फेरी मारावी आणि बसल्या जागी घोटे हलवीत राहावे. पायांत रक्त साकळण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

प्रवासापूर्वीच्या तपासणीस दांपत्य येते, तेव्हा फाइल मात्र बहुधा एकट्या पतीची असते. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा पत्नीला मुखोद्गत असतात. तिचा स्वतःचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला, हे दोघांनाही आठवत नाही. घरी हे निभावून जाते. परक्या शहरात तीच आजारी पडली, तर तिची औषधे कोणती, हे सांगणार कोण? म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने दोघांचीही रक्तशर्करा, रक्तदाब, हिमोग्लोबिन व हृदय यांची तपासणी करून घ्यावी. एकमेकांच्या औषधांचा कागद दोघांनीही जवळ बाळगावा. त्यावर औषधाचे मूळ नाव लिहिलेले असावे, कारण कंपनीची नावे देशागणिक बदलतात. औषधांचे दोन भाग करून दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवावेत. एक हरवली तरी दुसरी हाती राहते.

इन्सुलिन विमानात हातातील पिशवीतच असावे; सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. उन्हाळ्यात मध्य युरोपचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यामुळे जातानाचा दिवस लांबतो. त्या दिवशीचे डोस डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावेत.

तेथे स्थानकांवर हमाल सहसा मिळत नाहीत आणि गाडी काही मिनिटेच थांबते. बॅग स्वतः उचलून डब्यात चढता येईल एवढीच जड असावी. याची रंगीत तालीम वर्धा-नागपूर प्रवासात करता येते. भरलेली बॅग घेऊन स्थानकाचा पूल चढून पाहावा. छातीत दडपण वा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवल्यास तेथेच थांबावे आणि तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

अनेक स्थानकांवर स्वच्छतागृहास पैसे पडतात, म्हणून स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. काहीजण लघवीची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग व चक्कर, तर दुसऱ्याने पायांवर सूज व धाप उद्भवू शकते. सुटी नाणी जवळ ठेवावीत आणि पाणी पीत राहावे.

स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या ३,४५४ मीटर उंचीवरील स्थानकाविषयी विशेष सावधगिरी हवी. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो आणि गाडी काही तासांतच तेथवर नेते. हृदयविकार, जुना दमा किंवा तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांनी आधी सल्ला घ्यावा. विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. त्याच्या रुग्णांनी आणि वाहकांनीही विचारल्याशिवाय वर जाऊ नये. एकाला मनाई झाल्यास दोघांनीही खालच्या लाउटरब्रुनेन दरीत थांबावे. तेथील सुमारे ३०० मीटरचा धबधबा पायथ्याशी बसून पाहता येतो.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा बंधनकारक आहे. जुन्या आजारांचा खर्च त्यात धरला आहे काय, हे मुलांनी वाचून पाहावे. तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून द्यावा आणि तो कसा लावायचा, हे आईलाही शिकवावे.

गुडघे आणि उत्साह साथ देत आहेत, तोवर हा प्रवास अवश्य करावा. मात्र तो दोघांचा आहे. तेव्हा तपासणीच्या दिवशी फाइलीही दोन आणाव्यात.