वेगवान डिस्क की जादा डिस्क?



गेल्या अंकातील विश्वस्त मंडळाचे निवेदन वाचले. जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो, मुलांचे हस्तलिखित अंक आणि नाट्यगीतांच्या कॅसेट संगणकावर उतरवायच्या आहेत. शाळेत जागा नाही म्हणून एका माजी विद्यार्थ्याच्या घरी 'रेड' पद्धतीचा संगणक बसवायचा आहे, आणि त्यात मिळतील तितक्या वेगवान हार्ड डिस्क घ्याव्यात अशी सूचना आहे. बेत फार चांगला आहे. वेगाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, ते मांडतो.

आधी विद्यार्थी मित्रांसाठी दोन शब्द. या 'रेड'चा पोलिसांच्या धाडीशी संबंध नाही! अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरायच्या, या पद्धतीचे हे आद्याक्षरी नाव आहे. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली ते रूढ केले. तिचे प्रकार बरेच आहेत. घरच्या दोन डिस्कना त्यातले दोन लागू पडतात. रेड-० मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटले जातात, त्यामुळे वेग जवळजवळ दुप्पट होतो. रेड-१ मध्ये तीच फाइल दोन्हीकडे लिहिली जाते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते.

आता थोडे गणित. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के धरू. रेड-० मध्ये दोनपैकी कोणतीही एक गेली की सगळेच गेले. म्हणजे धोका १ − (०.९७ × ०.९७), सुमारे ६ टक्के. वेग दुप्पट केला की धोकाही दुप्पट झाला. आपल्या संग्रहासाठी रेड-० चा विचारसुद्धा नको.

मग रेड-१ करून त्यात वेगवान डिस्क घातल्या तर? तरी फायदा थोडाच. आजच्या काही टेराबाइटच्या, मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणाऱ्या साध्या डिस्कही सलग वाचताना सेकंदाला सुमारे दीडशे मेगाबाइट देतात. घरातील नेहमीच्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइटच जातात. नळ अर्ध्या इंचाचा असताना टाकीचा पाइप दोन इंची करून काय उपयोग? ७२०० फेऱ्यांची डिस्क तापते जास्त, आवाजही जास्त करते. संगणक चटकन सुरू व्हावा असे वाटत असेल, तर विंडोजसाठी छोटी एसएसडी बसवावी. संग्रहाच्या डिस्क सावकाश फिरल्या तरी चालतील.

पैसे खर्चायचेच असतील तर ते भरवशासाठी खर्चावेत. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डिस्क 'नॅस'साठी बनवलेली असावी. डेस्कटॉपची साधी डिस्क खराब जागा वाचण्यासाठी बराच वेळ धडपडत बसते. तेवढ्यात रेडचा कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. नॅसची डिस्क काही सेकंदांत प्रयत्न सोडून तसे कळवते.

दुसरी, ती 'सीएमआर' असावी, 'एसएमआर' नको. एसएमआरमध्ये माहितीच्या ओळी छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच इथे होते. दुसरी डिस्क नव्याने भरताना हे काम फारच रेंगाळते. मोठ्या कंपन्यांनी न सांगताच काही डिस्क अशा केल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न जाता कंपनीचे माहितीपत्रक पाहावे.

तिसरी, दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या नकोत. एकाच दिवशी बनलेल्या आणि सारख्याच चाललेल्या डिस्क लागोपाठ आजारी पडू शकतात. चार टेराबाइटची डिस्क पुन्हा भरायला सात-साडेसात तास सहज लागतात, आणि तेवढा वेळ सगळा भार उरलेल्या एकीवर असतो. वेगवेगळ्या दुकानांतून, महिनाभराच्या अंतराने घ्याव्यात.

खोक्यावरच्या 'दहा लाख तास' अशा आकड्याला भुलू नये. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! एक डिस्क इतकी टिकेल, असा त्याचा अर्थ नाही. त्या हिशेबाने शंभर डिस्कपैकी वर्षाला एखादीच जायला हवी. वर उल्लेख केलेल्या गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासह २००७ साली सुमारे एक लाख डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यक्षात वर्षाला साधारण २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय वॉरंटीत नवी डिस्क मिळते, त्यावरचे फोटो मिळत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. माझी आत्या विश्वामित्रीच्या काठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहते. तिच्याकडे दोन उत्तम डिस्कचा रेड-१ मीच बसवून दिला होता. आजोबांची पत्रे, आत्याने गायलेली भजने, लग्नकार्यांचे फोटो, सगळे त्यात होते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात घरात पाणी शिरले. संगणक टेबलाखाली होता. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वेळी बुडाल्या. पोटमाळ्यावर एक जुनी डिस्क होती, तिच्यामुळे पत्रे वाचली. त्यानंतरच्या दोन वर्षांतली भजने गेली. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. "अरे, पुन्हा म्हणेन," एवढेच म्हणाली. पण तिचा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही.

चूक डिस्कची नव्हती, माझी होती. रेड म्हणजे सुरक्षित प्रत, असे मी समजत होतो. डिस्क बिघडली तर काम थांबू नये, एवढ्यासाठीच रेड असते. कोणी चुकून फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरस, चोरी, आग, पूर, यांतल्या कशापुढेही तिचा इलाज नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती अशी : दोन वेगवान डिस्कच्या पैशांत साध्या, भरवशाच्या तीन डिस्क बसतात का ते पाहावे. दोन रेड-१ मध्ये असाव्यात. संगणक टेबलाखाली नको, उंचावर असावा, आणि सोबत यूपीएस असावा. तिसरी डिस्क दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवावी. महिन्यातून एकदा ती आणावी, जोडावी, नवी प्रत घ्यावी आणि परत नेऊन ठेवावी. नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे हे काम द्यावे. दर वेळी त्यांनी तिसऱ्या डिस्कवरची एखादी जुनी फाइल उघडून पाहावी आणि वहीत तारीख घालून सही करावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

पालकांनीही आपल्या घरी आजच पाहावे. मुलांचे फोटो किती ठिकाणी आहेत? उत्तर 'एकाच' असेल, तर या रविवारी तेवढे एक काम करून टाकावे.

— एक माजी विद्यार्थी व पालक, वडोदरा