पुसून टाकण्याची घाई

कालबाह्य झालेला एखादा वर्ग यादीतून काढण्यासाठी 'डिलीट'ची आज्ञा द्यावी, 'या वर्गाशी निगडित नोंदी शिल्लक आहेत' असे सांगून संगणकाने ती नाकारावी, आणि मार्चअखेरीच्या घाईत असलेल्या हिशेबनिसाने हा यंत्राचा हट्ट समजून प्रणाली पुरवणाऱ्याकडे तगादा लावावा, हा प्रकार लहानमोठ्या पेढ्यांतून इतका अंगवळणी पडला आहे की, या तंट्यात चूक कोणाची, हे तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. माझ्या मते बहुतेक वेळा यंत्राचीच बाजू न्याय्य असते.

संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली माहितीची मांडणी परस्परसंबद्ध कोष्टकांत करण्याचा जो विचार मांडला, त्यावर आजच्या बहुसंख्य व्यापारी प्रणाली उभ्या आहेत. वर्गांची यादी एका कोष्टकात असते, व्यवहार दुसऱ्यात. आणि व्यवहारापुढे वर्गाचे नाव नसते, केवळ त्याचा संकेतांक असतो. मूळ वर्ग नाहीसा झाला की तो अंक निराधार होतो. म्हणून प्रणालीपुढे मुख्यतः तीन मार्ग उरतात: आज्ञा नाकारावी, वर्गाबरोबर त्याखालचे सारे व्यवहारही नष्ट करावेत, किंवा संकेतांकाची जागा रिकामी सोडावी. यांपैकी निरुपद्रवी असा पहिलाच मार्ग आपल्या रोषाला पात्र ठरावा, ही मौजच म्हणायची. व्यवहार झालेले खाते टॅलीदेखील काढू देत नाही. तरीही निकड दाखवली की कोणीतरी तंत्रज्ञ ती अट घटकाभर शिथिल करतो, वर्ग उडवतो, आणि पुढे एकूण बेरीज बरोबर पण वर्गवार बेरीज मात्र चुकलेली, अशी अवस्था होते. तिचा उलगडा करताना लेखापरीक्षकाच्या नाकी नऊ येतात.

या घाईतला धोका किती खरा आहे, हे पाहण्यासाठी सरकारी वर्गीकरणाकडेच वळावे. उद्यम नोंदणी करताना प्रत्येक उद्योजकाला आपला पाच अंकी संकेतांक ज्यातून निवडावा लागतो, ते राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ सालचे आहे. त्यापूर्वीचे २००४ सालचे होते. जुन्या वर्गीकरणात ७२ हा विभाग संगणक व तत्संबंधी कामांचा होता. नव्यात संगणक-आज्ञावलीचे काम ६२ मध्ये गेले आणि ७२ हा अंक वैज्ञानिक संशोधनाला मिळाला. मात्र कंपन्यांच्या एकवीस स्थानी ओळख क्रमांकात पहिल्या अक्षरानंतरचे पाच अंक उद्योगाचे असल्यामुळे, कित्येक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कपाळी तो जुना ७२ आजही कायम आहे. आता कोणी जुना वर्ग पुसून त्याच अंकावर नवा वर्ग बसवला, तर प्रणाली चूक दाखवणार नाही, बेरीजही चुकणार नाही. एवढेच होईल की, आज्ञावली लिहिणारी पेढी कागदोपत्री प्रयोगशाळा ठरेल.

यावर उपाय नवा शोधायला नको. आपल्या महसुली दफ्तरात तो केव्हाचा आहे. सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव कमी करायचे झाले, तर तलाठी ते खोडून नाहीसे करीत नाही. फेरफार मंजूर झाल्यावर त्या नावाला पूर्वी कंस पडत असे, आता त्यावर आडवी रेघ येते, आणि फेरफार क्रमांक शेजारी राहतो. वर्गीकरणाच्या प्रणालीतही जुन्या वर्गाला समाप्तीची तारीख द्यावी, नव्या नोंदीसाठी तो बंद करावा, जुन्या व नव्या संकेतांकांचे जुळणीपत्रक ठेवावे, आणि व्यवहार खरोखरच चुकीच्या वर्गात पडले असतील, तर आधी ते योग्य वर्गात वळवावेत. ज्याखाली एकही नोंद कधी पडली नाही, असा चुकून निर्माण झालेला वर्ग तेवढा खुशाल काढावा. (व्यक्तीने स्वतःची खासगी माहिती पुसून मागणे हा विषय अगदी निराळा, त्याची गल्लत येथे करू नये.)

कायद्याचा कलही याच दिशेला आहे. हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपण्याचे बंधन कंपन्यांवर आहेच. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरबदलाची तारीखवार नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करण्याची सोय असता कामा नये, असा दंडक आहे.

तथापि प्रणाली रचणाऱ्यांनाही मी निर्दोष ठरवीत नाही. अडवणारी नोंद पुष्कळदा मागील वर्षाची, रद्द झालेल्या बिलाची किंवा दुसऱ्या शाखेची असते, ती समोरच्या पडद्यावर दिसतच नाही, आणि यंत्र मात्र एक दुर्बोध इंग्रजी वाक्य व एक क्रमांक तोंडावर फेकून मोकळे होते. ज्या हिशेबनिसाला नकाराचे कारण कळत नाही, त्याने पळवाट शोधली तर दोष एकट्या त्याचा कसा? नकार देताना कोणत्या नोंदी आड येत आहेत त्यांची यादी मराठीतून पुढे ठेवावी, आणि 'काढून टाका' या कळीशेजारी 'बंद करा' अशी दुसरी कळ द्यावी, एवढी मागणी ग्राहकांनी पुढच्या वार्षिक कराराच्या वेळी पुरवठादाराकडे लेखी करावी.