तीस तासांची सही

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्राबाहेरील एका शहरी नेमणुकीवर असताना मानसोपचारतज्ज्ञांच्या एका शैक्षणिक मेळाव्यास प्रमुख पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता मुलांचे मानसिक आरोग्य. सकाळी नोंदवहीपाशी रांग होती. भोजनोत्तर सत्रात सभागृहात पंधरा-वीस मंडळी उरली. संध्याकाळी प्रमाणपत्रे मात्र सर्वांना मिळाली आणि श्रेयांकही सर्वांना सारखेच. मी सरकारी नोकर आहे. हजेरीपटावरील सही आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर मला कोणी शिकवावे असे नाही. तरीही त्या दिवशी अस्वस्थ झालो, कारण या सहीच्या दुसऱ्या टोकाला एक मूल होते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनी डॉक्टरांना दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण सांगितले. हिशेब करा : महिन्याला अर्धा तास. नियमात तास आहेत; विषय नाही, कसोटी नाही. २०२० मध्ये परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले. त्यांत परवान्याच्या नूतनीकरणाची तरतूद होती आणि औषध कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांना मज्जाव होता. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले व २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले.

या काळात बालमानसोपचाराचे शास्त्र मात्र थांबले नाही. किशोरवयीनांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटिन गुणकारी आहे, असे सांगणारा एक गाजलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांमुळे मुलांमध्ये आत्महत्येचे विचार बळावू शकतात, असा ठळक इशारा छापावयास लावला. आणि २०१५ मध्ये त्याच अभ्यासाच्या फेरतपासणीत औषध निष्प्रभ व अपायकारक ठरले. स्वमग्नता आणि अतिचंचलता ही दोन्ही निदाने एकाच मुलाला देण्याची मुभा अमेरिकन निदानसंहितेने २०१३ मध्ये दिली. त्यापूर्वी ती नव्हती. कायदेही बदलले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची खबर देणे बंधनकारक केले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पालकाची संमती व मंडळाची पूर्वपरवानगी असल्याखेरीज अल्पवयीनास विद्युत्‌-उपचार देता येत नाहीत. २००० साली पदवी घेतलेल्या डॉक्टरला हे सारे ठाऊक असेलही. पण ते असल्याची खात्री करून घेणारी व्यवस्था कुठे आहे?

‘बाजार ठरवील, वाईट डॉक्टरकडे कोण जाईल?’ असे म्हणणाऱ्यांना मी माझ्या मूळ विषयाकडे नेतो. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले की वैद्यकीय सेवेत ग्राहकास मालाची पारख करता येत नाही. बालमानसोपचारात ही अडचण दुप्पट होते. रुग्ण डॉक्टर निवडत नाही, पैसे देत नाही, तक्रारही करू शकत नाही. औषधाने सुस्त झालेले मूल शाळेला ‘सुधारलेले’ वाटते! परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची स्थिती आणखी नाजूक. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, अंगणात कन्नड वा बंगाली बोलणाऱ्या मुलाची चाचणी कोणत्या भाषेत घ्यावी, हे न जाणणारा तज्ज्ञ भाषेच्या अडखळण्याला बुद्धीची उणीव ठरवू शकतो. तिथे दुसरे मत विचारायला मामा-काका जवळ नसतात. असते ती केवळ दारावरची पाटी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : तज्ज्ञ आधीच मूठभर, त्यांना परीक्षेला बसवाल तर उरलेलेही जातील. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. तज्ज्ञांचा तुटवडा खराच आहे. पण जिथे जिल्ह्यात एकच डॉक्टर आहे, तिथे त्याची चूक सुधारणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून टंचाई हे सवलतीचे कारण नव्हे, अधिक काळजीचे कारण आहे. शिवाय बहुतेक मुले बालमानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाहीत; सामान्य मानसोपचारतज्ज्ञ वा बालरोगतज्ज्ञच त्यांना तपासतो. तेव्हा पुनर्प्रमाणन पदवीला नव्हे, रुग्णाच्या वयाला जोडले पाहिजे.

माझी मागणी माफक आहे :

१. जो डॉक्टर मुलांना मानसिक आजारांवरील औषधे देतो, त्याच्या तासांपैकी ठरावीक तास याच विषयाचे असावेत.

२. दर पाच वर्षांनी त्याने स्वतःच्या काही प्रकरणांची नावे वगळलेली टिपणे समव्यवसायींपुढे मांडावीत. ब्रिटनमध्ये २०१२ पासून असलेल्या फेरपडताळणीत वार्षिक मूल्यमापन व रुग्णांचे अभिप्राय असतात. तो मार्ग एकाच मोठ्या परीक्षेपेक्षा बरा.

३. कमी पडणाऱ्याचा परवाना लगेच काढू नये. दूरसंवादाने ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली काम करू द्यावे.

४. या शिक्षणाचा खर्च शासनाने व व्यवसायाने उचलावा, औषध कंपन्यांनी नव्हे.

आणि तपासनीस डॉक्टरच असावेत, माझ्यासारखे अधिकारी नकोत. इन्स्पेक्टर राजचे दुष्परिणाम मी आतून पाहिले आहेत.

कोणी विचारील, तुम्ही अधिकारी तरी कुठे फेरपरीक्षा देता? प्रश्न रास्त आहे. २०२० च्या मिशन कर्मयोगीनंतर आम्हीही संगणकावर पाठ उरकतो, आणि पाठ चालू ठेवून शेजारच्या फायली पाहणारे सहकारी मला ठाऊक आहेत. म्हणूनच सांगतो, मोजलेला तास म्हणजे शिकलेली गोष्ट नव्हे. टॅक्सीलासुद्धा ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ते देताना गाडी तपासतात. ती आवारात किती तास उभी होती, हे कोणी विचारत नाही.