तोळा कुणाचा?

शाळकरी मुलाला विचारावे, अडीच किलोचे ग्रॅम किती? दशांशचिन्ह तीन घरे उजवीकडे ढकलून तो चटकन २५०० म्हणतो. त्याच्या पणजोबांना हे सुख नव्हते. पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण, अशी कोष्टके घोकण्यात त्यांचे बालपण सरले. १९५६ च्या कायद्याने या कोष्टकांना निरोप दिला आणि ऑक्टोबर १९५८ पासून बाजारात किलो येऊ लागला.

मापे गेली, शब्द मात्र हटून बसले. आमच्या आजीच्या यादीत एक ओळ होती : पाटल्या, पाच तोळे. त्या थोरल्या नातीने ठेवायच्या आणि धाकटीला निम्म्या सोन्याचे पैसे द्यायचे, असे घरात ठरले. भाच्याने लगेच हिशेब मांडला : पन्नास ग्रॅम, निम्मे पंचवीस. सराफकट्ट्यावर आज तोळा बहुधा दहा ग्रॅमचाच धरतात. पण आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा! काट्यावर पाटल्या ५८ ग्रॅम भरल्या. नुसत्या यादीवर विसंबलो असतो, तर धाकटीचे चार ग्रॅम सोने बुडाले असते, आणि त्याबरोबर दोघी बहिणींमधला लोभही.

भाच्याचा गुणाकार बिनचूक होता. तोळा कुठल्या काळचा, एवढेच विचारायचे राहिले होते. रूपांतराच्या धड्यात हा प्रश्न पहिला हवा.

यंदा फराळाच्या वेळी मुलांच्या हाती तराजू द्यावा. बेसन-साखर त्यांनीच तोलावी. पाव किलोचा भार तळहाताला कळला, की पणजीचा पावशेर त्याहून सुमारे सतरा ग्रॅमने हलका होता, हे सांगावे. आणि लाडू कमी भरले, तर हिशेबही त्यांच्याकडूनच घ्यावा!