सत्तावीस पॉइंटांचा पैलवान

तुमच्या ऑफिसात असा एक तरी असतोच बघा. लंचच्या कूपनांपासून टॅक्सच्या डिक्लेरेशनपर्यंत सगळ्याचा ‘बेस्ट’ हिशेब खिशात घेऊन फिरणारा. कामाला एक नंबर. पण हाच भिडू शनिवारी रात्री तुमच्याबरोबर खेळायला बसला की?

उत्तर मला मिळालं आमच्या वसमतला, दिवाळीच्या सुट्टीत. हिंजवडीत नोकरी करणारा आत्येभाऊ येताना डंजन्स अँड ड्रॅगन्स घेऊन आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन तिच्यात शिरायचं. काही अवघड करायचं ठरवलं, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शेवटी जिंकलं-हरलं असं काही नाही. थोडक्यात, सोंग घ्यायचं! भारुडं बघत मोठ्या झालेल्या आमच्या काकूला हे दोन मिनिटांत कळलं. तिनं थेट बहिऱ्या वैदीणबाईचं सोंग घेतलं. (एकनाथांच्या भारुडांत आंधळा, मुका, बहिरा अशी सोंगं आहेत, हे उगाच नाही.)

धाकट्या चुलतभावानं मात्र लॅपटॉप उघडला. पात्राचे सहा गुण असतात: ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण आणि छाप. त्यांच्यात २७ पॉइंट वाटायचे. पठ्ठ्यानं पहिल्या तिघांत कमाल १५-१५-१५ घेतले आणि उरलेल्या तिघांत किमान ८-८-८. पैलवान तयार!

पहिल्या मारामारीत पैलवानानं दोन फटक्यांत दरोडेखोर झोपवले. बाकीच्यांनी फासा हातात घेऊन नुसतं बघायचं. दुसऱ्यांदाही तेच. मग गोष्ट सांगणाऱ्यापुढे एकच मार्ग उरतो. पैलवानाच्या तोडीचा राक्षस आणायचा. आणला. त्याचा पहिला रट्टा वैदीणबाईला बसला. खेळाच्या हिशेबात ती जादूगार, अंगात जेमतेम सहा हिट पॉइंट... खलास. काकू चहा टाकायला उठली, ती परत बसलीच नाही.

म्हणजे डोकं चालवूच नये का? छे! याच ओसरीवर, भारनियमनाच्या दिवसांत, आम्ही कंदिलाच्या उजेडात मेंढीकोट खेळायचो. चौघांत बावन्न पानं, दोन-दोन भिडू, आणि सगळा जीव चार दश्श्यांत. कुठली दश्शी गेली, कुणाकडे हुकूम उरला, हे काकाला तोंडपाठ. भिडूनं फुकट हुकूम घातला की त्याची रात्रभर सालटी निघत. मला ते कधीच खटकलं नाही. समोर दोघं तेवढ्याच इरेला पेटलेले असतात, तिथं ढिलं खेळणं म्हणजे भिडूशी दगाबाजी. पानं मोजणाऱ्या डोक्याचा मार तिथं समोरच्यांवर पडतो. इथं समोर कुणी नाहीच, तर तो कुणावर पडणार?

काकानं हे आमच्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. ‘अरे, इथं सगळे तुझेच भिडू हैत ना? मग कोट कुणावर करायलास?’

चुलतभाऊ गप्प. गंमत अशी, की कागद बदलायची गरजच नव्हती. शहाणपण ८ त्यावर होतंच की! त्यानं ते उरलंसुरलं म्हणून टाकून दिलं होतं, एवढंच. दुसऱ्या रात्री काकूला आग्रह करकरून बसवलं. ती आली वैदीणबाईची धाकटी बहीण होऊन, आणि येताच पैलवानाला म्हणाली, ‘बळ वाढवायची पुडी आहे, शंभर मोहरा.’ पैलवानाला खरं-खोटं ओळखायला फासा टाकावा लागला. पडले चार.

त्यानं पुडी घेतली. आत वसमतची हळद होती.