खोका टाकू नका, पण पुस्तके त्यात ठेवू नका

आमच्या देवगड तालुक्यात आंबा खूप, म्हणून खोकेही खूप. आजोबा सांगतात, पूर्वी आंबा लाकडी पेटीतून मुंबईला जायचा. आता पुष्कळ आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो, तरी मोठी माणसे त्याला पेटीच म्हणतात. आंब्याला वारा लागावा म्हणून खोक्याला भोके ठेवतात.

मला खोके फार आवडतात. मी एक फाटका खोका सोलून पाहिला. वर एक कागद, खाली एक कागद आणि मध्ये सिमेंटच्या पत्र्यासारखा नागमोडी कागद. त्या नागमोडीमुळेच तो दणकट होतो. साधा कागद उभा केला तर पडतो, पण पंख्यासारख्या घड्या घाला, मग उभा राहतो. करून बघा.

आमची खुडूक कोंबडी खोक्यातच बसते. आजी पेंढा घालून अंडी ठेवते आणि २१ दिवसांनी पिल्ले निघतात. धाकट्या भावाची तर खोका म्हणजे एस.टी. तो आत बसतो नि मी ओढतो. तिकीट मागितले की रडतो.

पण खोक्याचा त्रासही आहे. काही खोक्यांना तारेच्या पिना असतात. लोक खोका चुलीत घालतात, पुठ्ठा जळतो नि पिना राखेत राहतात. त्याच राखेने आई भांडी घासते, तेव्हा बोटात घुसतात. त्यापेक्षा खोका भंगारवाल्याला द्यावा. जुन्या पुठ्ठ्याचा लगदा करून परत पुठ्ठा बनतो.

सगळ्यात वाईट म्हणजे वाळवी. तिला लाकूड आवडते तसा पुठ्ठाही आवडतो. आमच्या वर्गाची गोष्टींची पुस्तके खोक्यातच असतात, आणि खोका जमिनीवर, भिंतीला लागून. गेल्या पावसाळ्यात तळ ओला झाला आणि वाळवीने खालची ९ पुस्तके खाल्ली. वरून खोका अगदी चांगला दिसत होता. हात घातला तर नुसती माती! एका पुस्तकातल्या वाघाची शेपटीच उरली आहे. आता पहिलीच्या मुलांना वाघाचे तोंड कुठून दाखवणार?

म्हणून माझे मत असे की पुस्तकांना पत्र्याची ट्रंक पाहिजे. काही मुले म्हणतात, खोका फुकट मिळतो, ट्रंकेला पैसे पडतात. पण ९ पुस्तकांना पैसे पडले नव्हते काय?

पुष्कळ घरांत माळ्यावर जुनी ट्रंक असते. आमच्याकडेही आहे, पण आजी देत नाही, तिची लग्नातली साडी त्यात आहे. पालकांपैकी कोणाकडे रिकामी असेल तर द्यावी. कडी मोडकी असली तरी चालेल. खाली ठेवायला चिऱ्याचे ४ तुकडे आम्ही मुले आणू. पाऊस लागायच्या आत मिळाली तर बरे.

— इयत्ता ४ थी