फवारणीच्या अर्जावर मी सही का केली नाही



आमच्या भागात सध्या एक अर्ज फिरतो आहे. सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या हातात तो आला असेल. मागण्या तीन आहेत. शेजारच्या राखीव पाणथळीत थंडी पडेपर्यंत पाणी सोडू नये. मे ते ऑक्टोबर दर महिन्याला विमानातून औषध फवारावं. आणि एवढं करूनही डास हटले नाहीत तर ती पाणथळ कायमची कोरडी करावी. खालच्या सह्यांमध्ये आपल्या मंडळींची नावं भरपूर आहेत. चांगली शिकलेली, एरवी कुठलीही गोष्ट आकडे पाहिल्याशिवाय न मानणारी माणसं.

मी सही केली नाही. पण म्हणून मी 'निसर्ग आपलं बघून घेईल, पाणथळीला हात लावू नका' म्हणणाऱ्या आपल्या पुरोगामी दोस्तांच्या बाजूचा आहे असंही कुणी समजू नये. आधी त्यांचंच घेतो.

वेस्ट नाइल विषाणू १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये सापडला, २००३ मध्ये कॅलिफोर्नियात पोचला आणि २००४ साल संपेपर्यंत राज्याच्या सर्व ५८ काउंट्यांत पसरला. लागण झालेल्या दहांपैकी आठ जणांना काही कळतसुद्धा नाही. पण साधारण दीडशेत एकाच्या मेंदूपर्यंत किंवा मज्जासंस्थेपर्यंत तो जातो. त्यातले काही दगावतात, काही कायमचे अधू होतात. वय जास्त तितका धोका जास्त. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईवडील इथल्या उन्हाळ्यात दिवसभर घरात बसतात आणि ऊन उतरलं की फेरी मारायला निघतात, आणि नेमकी तीच या क्युलेक्स डासांची बाहेर पडायची वेळ. त्यांच्याहून मोठी जोखीम शेतमजुरांची. सेंट्रल व्हॅलीत टोमॅटोची काढणी रात्रीही चालते. तिथे राबणाऱ्यांना जाळीची दारं नाहीत, आणि अनेकांना विमाही नाही. 'डासांनाही जगायचा हक्क आहे' हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणून दाखवावं.

बरं, माणसांचं सोडा. पिवळ्या चोचीचा मॅगपाय हा पक्षी जगात फक्त कॅलिफोर्नियात आढळतो. २००४ ते २००६ या काळात वेस्ट नाइलने त्याची संख्या जवळपास निम्मी केली. तेव्हा डास आवरणं हे पक्ष्यांच्या विरोधातलं काम आहे, हा समजच मुळात चुकीचा.

आणि 'निसर्ग' म्हणजे तरी काय? सेंट्रल व्हॅलीत एके काळी चाळीस लाख एकर पाणथळ होती. नद्या फुगायच्या, पात्र सोडून पसरायच्या, महिनोन्महिने पाणी साचून राहायचं. मग धरणं आली, बांध आले, शेती आली, आणि शेवटी आपल्या वसाहती आल्या. त्यातली ९५ टक्के पाणथळ गेली. उरलेली सुमारे दोन लाख एकर माणसाच्या हातानं चालते. कालव्यातून पाणी घ्यायचं, पंपानं चढवायचं, दारातल्या फळ्या टाकून अडवायचं, वसंतात फळ्या काढून सोडून द्यायचं. सरकारी राखीव क्षेत्रांना पाणी द्यायला १९९२ साली कायदा करावा लागला. या दोन लाखांपैकी दोनतृतीयांश जमीन खाजगी आहे आणि तिच्यातली बरीचशी बदकांची शिकार करणाऱ्या क्लबांची. (मला बंदुकीचं कौतुक नाही, पण या जमिनीत पाणी टिकवलं ते त्यांनी, आपल्यासारख्या दुर्बीणवाल्यांनी नव्हे, हे मान्य करायला हवं.) पॅसिफिक किनाऱ्याच्या मार्गानं येणाऱ्या बदकं-हंसांपैकी साधारण ६० टक्के हिवाळ्यात या एवढ्याशा पाण्यावर जगतात. आपल्या नांदूर मध्यमेश्वरला येतं तेच तलवार बदक इथे ऑगस्टपासून उतरायला लागतं. सरळ सांगायचं तर ही बदकांसाठी केलेली शेती आहे. सावा ज्या कुळातला, त्याच कुळातलं गवत इथे उन्हाळ्यात पाणी देऊन वाढवतात, त्याचं बी पिकू देतात आणि मग शेत बुडवतात.

शेतीच असल्यामुळे डास किती होणार हे बरंचसं शेतकऱ्यावर अवलंबून असतं. अर्ज लिहिणाऱ्यांना नेमकं हेच माहीत नाही.

या भागातला एक डास, एडिस मेलॅनिमॉन, आपली अंडी पाण्यात नव्हे तर कोरड्या मातीत घालतो. अंडी तिथे पडून राहतात आणि पाणी चढलं की एकदम फुटतात. आता पाणी हळूहळू, तीन आठवडे घेऊन चढवलं तर रोज थोडी नवी जमीन भिजते आणि रोज नवी पिढी निघते. तेच पाणी पंप लावून काही दिवसांत चढवलं आणि पातळी कायम ठेवली तर एकच पिढी निघते, आणि तिचा बंदोबस्त एकदाच करावा लागतो. पातळी खाली जाऊ देऊन पुन्हा वर आणली तर सगळं पहिल्यापासून. दुसरा, क्युलेक्स टार्सॅलिस, वेस्ट नाइलचा इथला मुख्य वाहक. त्याला साचलेलं, उबदार, गवतानं भरलेलं पाणी आवडतं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. ऑक्टोबरच्या गार पाण्यात तेच काम रखडतं. दाट गवतात अळ्यांना लपायला जागा मिळते, म्हणून पाणी सोडण्याआधी गवत कापायचं किंवा कुळवून टाकायचं. आणि शेताच्या मधून एक खोल चर बारमाही भरलेला ठेवायचा, म्हणजे चतुरांची पिल्लं, पाणकिडे, मासे तिथे तग धरून राहतात आणि बाकीचं शेत भरलं की अळ्यांवर तुटून पडतात. आपल्या महापालिका विहिरीत गप्पी मासे सोडतात तसे इथे १९२२ पासून गंबुसिया मासे सोडतात. पण ते बेडकांची पिल्लंही खातात, त्यामुळे दिसेल त्या डबक्यात सोडण्यासारखे नाहीत.

यातलं काहीही गुपित नाही. डास नियंत्रणवाले आणि पक्षीवाले एकत्र बसले आणि सेंट्रल व्हॅली जॉइंट व्हेंचरने २००४ साली ही सगळी तंत्रं पुस्तिकेच्या रूपात छापली. तेव्हापासून अडचण ज्ञानाची नाही, पैशाची आहे. गवत कापायला ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागतं. पाणी वेगानं चढवायला मोठे पंप लागतात, आणि हवं तेव्हा पाणी मिळावं लागतं. आठवड्याला पाण्यात डबा बुडवून अळ्या मोजायला माणूस लागतो. आणि हा खर्च कुणाचा? कायद्यानं जमीनमालकाचा. डास आवरले नाहीत तर दिवसाला हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मालक काय करेल? पाणीच सोडणार नाही. ना डास, ना बदकं, ना दंड.

अर्जातली पहिली मागणी त्यामुळे अर्धी बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याची. उशिरा पाणी सोडलं की डास कमी होतात, हे खरं. पण सगळीकडेच उशिरा सोडलं तर ऑगस्टमध्ये उतरणाऱ्या बदकांनी आणि किनारी पक्ष्यांनी जायचं कुठे? भातखाचरं तेव्हा पिकाची असतात, हिवाळ्यासाठी ती नंतर भरतात. वर्षातला सगळ्यात कमी पाण्याचा काळ तोच. शहाणपणाचं उत्तर असं, की मोजक्या तळ्यांत लवकर पाणी सोडायचं, त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवायचं, अळ्या दिसल्या की तिथेच मारायच्या, आणि बाकीची तळी ऑक्टोबरात भरायची.

अळ्या मारायला बीटीआय नावाचा जिवाणू आहे. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला. तो डासाच्या अळीला मारतो, मासे-बेडूक-माणसाला नाही. पण तोही फुकट नाही. फ्रान्सच्या कामार्ग पाणथळीत बीटीआय फवारलेल्या भागातल्या पाकोळ्यांना पिल्लं कमी झाली, कारण त्यांचं खाणं असलेल्या चिलटांनाही तो मारतो. म्हणून आधी मोजायचं आणि मग औषध टाकायचं, उलटं नाही.

आता विमान. विमानातून फवारणी कधीच करू नये असं मी म्हणत नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये सॅक्रामेंटोवर पायरेथ्रिन आणि त्याच्या जोडीचं पायपेरोनिल ब्युटॉक्साइड फवारलं, आणि फवारलेल्या भागात नंतर माणसांतली लागण बाकीच्या भागापेक्षा कमी झाली, असं २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. साथ ऐन भरात असताना ते योग्यच होतं. पण त्याच फवारणीवरचा दुसरा अभ्यासही वाचायला हवा. या जोडीच्या रसायनानं शहरातल्या ओढ्यांच्या गाळात आधीपासून असलेल्या कीटकनाशकांचा विषारीपणा जवळपास दुप्पट केला. ती कीटकनाशकं तिथे आली कुठून? शहरातल्या घरांतून आणि अंगणांतून. तुमच्या-माझ्या, मुंग्यांसाठी दर तिमाहीला माणूस बोलावतो त्या अंगणांतून.

तर असं हे साथीतलं औषध दर महिन्याला, साथ असो नसो, मागणं म्हणजे सर्दी झाली की अँटिबायोटिक मागण्यातला प्रकार आहे. हवेतलं औषध उडणाऱ्या डासांना मारतं, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि चार दिवसांत नवे डास हजर. इथून दोन तासांवर क्लिअर लेक आहे. तिथे १९४९, १९५४ आणि १९५७ साली, जे चावतसुद्धा नाहीत अशा चिलटांसाठी तळ्यात डीडीडी ओतलं. हजारावर ग्रीब पक्ष्यांच्या जोड्या होत्या, १९६० पर्यंत तिसेक उरल्या. चिलटं मात्र परत आली.

आणि ज्यांच्या अंगणात डास होतात त्यांनी पाणथळीकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००७ साली बेकर्सफील्डला वेस्ट नाइलचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले. पाणथळीमुळे नव्हे. कर्जाचे हप्ते थकले, माणसं घरं सोडून गेली आणि मागे हिरवे पडलेले पोहण्याचे तलाव राहिले, म्हणून. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती २०१३ मध्ये मध्य कॅलिफोर्नियात आला आणि २०२३ मध्ये राज्यात पहिल्यांदा स्थानिक लागणीचा डेंग्यू सापडला. हा डास पाणथळीत होत नाही. तो कुंडीखालच्या बशीत होतो. आपण तुळशीसाठी, कढीपत्त्यासाठी ठेवतो त्या बशीत.

हे आपल्याला नवं असू नये. १९११ साली बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला तेव्हा बोट खाडीकडे नव्हे तर शहरातल्या विहिरींकडे दाखवलं होतं, आणि विहिरी झाकायची वेळ आली तेव्हा विरोध शहरवासीयांनीच केला. दुसरी बाजूही आपल्याच गावची आहे. सीवूड्सला घर घेऊन ठेवलेले आपल्यातले कित्येक जण खिडकीतून दिसणाऱ्या फ्लेमिंगोंचे फोटो दाखवतात. २०२४ साली नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला, आणि फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आल्या. भरतीचं पाणी खेळतं राहिलं तर अळ्या वाहून जातात आणि पक्ष्यांना खायला मिळतं. वाट अडली की डबकं होतं, आणि डबकं झालं की भराव घालायला निमित्त मिळतं. आमच्या अर्जातली तिसरी मागणी त्याच वाटेची आहे.

मॉस्किटो डिस्ट्रिक्टचा खर्च आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून जातो. तिचे विश्वस्त आपल्या शहराची कौन्सिल आणि काउंटी नेमतात आणि त्यांच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तिथे जाऊन दोन आकडे मागावेत: विमानावर वर्षाला किती जातात, आणि पाणथळीतलं गवत कापायला, पंपाला आणि अळ्या मोजणाऱ्या माणसाला जमीनमालकांना किती मदत दिली जाते. दुसरा आकडा वाढवा असं लिहिलेला अर्ज कुणी काढला तर तो घेऊन मी स्वतः दारोदार फिरेन.